भिंतीवरची सावली

कासूच्या फलाटावर तुम्ही उतरता आणि रोह्याची गाडी पुढे निघून जाते. खारजमिनीवरून ओलसर वारा येतोय. कुणाशी तरी मनातलं बोलावं असं फार दिवस वाटतंय. देवाशी म्हणा, माणसाशी म्हणा. पण हाक मारली आणि कुणी ओच दिली नाही तर? ही धास्ती तशीच बरोबर असू द्या. आपल्याला याच पेण तालुक्यात, पण बरंच मागे जायचं आहे.

रूळ नाहीसे होतात. गोव्याकडे धावणारा महामार्ग पुसला जातो, ट्रकांचा आवाज थांबतो, उरतात भातखाचरं आणि बैलगाडीची चाकोरी. मुंबईचा माणूस आता धरमतरच्या खाडीत बोटीने येतो. पेण मागे टाकून तुम्ही डोंगराकडे वळता, गागोद्याला. साल १९०० च्या आसपासचं.

भाव्यांच्या घरात कंदील लागलाय. ११ सप्टेंबर १८९५ ला याच गावात जन्मलेला विनायक, आईचा विन्या आणि पुढचे विनोबा भावे, भिंतीकडे बघून थिजलाय. भिंतीवर त्याच्याहून कितीतरी मोठा काळा माणूस उभा आहे! तो धावत आईला जाऊन बिलगतो. रुक्मिणीबाई रागावत नाहीत, हसण्यावारीही नेत नाहीत. त्या सांगतात ते एवढंच: अरे, तो तर तुझा गुलाम आहे, तू बसलास की तो बसतो, तू उठलास की उठतो. पोरगा बसून बघतो, उठून बघतो. तुम्हीही जरा हात वर करून बघा. भूत वाटलं तर कंदील घेऊन जवळ जायचं आणि रामाचं नाव घ्यायचं, ही त्या माउलीची शिकवण. मला यात फार मोठी गोष्ट दिसते. तिने मुलाला भीतीपासून लपवलं नाही, भीतीच्या जवळ पाठवलं आणि जाताना देवाचं नाव सोबतीला दिलं.

पण माणसांची भीती भिंतीवर नसते.

१९ सप्टेंबर १९५३. तुम्ही तेव्हाच्या बिहारमधल्या देवघर गावी, वैद्यनाथाच्या देवळापाशी आहात. भूदानासाठी, म्हणजे भूमिहीनांसाठी जमीन मागत, गावोगाव पायी फिरणारे विनोबा देवळात मज्जाव असलेल्या हरिजन सोबत्यांना घेऊन दर्शनाला आलेत. एकाएकी आरडाओरडा होतो, देवळाचे पंडे अंगावर धावून येतात. सोबती विनोबांभोवती कडं करतात आणि त्यांचा मार स्वतःच्या अंगावर घेतात. तरी एक तडाखा विनोबांच्या कानावर बसतोच. त्या कानाने ऐकू येणं पुढे बंद होतं. गर्दीत तुमचा दंड कुणीतरी घट्ट पकडतं. मारायला की वाचवायला, ते तुम्हाला त्या क्षणी कळत नाही. पळावंसं वाटतं ना? मारणाऱ्यांना शिक्षा होऊ नये, असं विनोबा मात्र म्हणतात.

दीड वर्षाने ते जगन्नाथपुरीला जातात. बरोबरच्या फ्रेंच बाईला आत सोडत नाहीत, तेव्हा तेही दारातूनच परत फिरतात. दर्शनाची ओढ कमी होती म्हणून नव्हे. ज्या घरच्या पंगतीतून सोबत्याला उठवलं, त्या घरी आपण तरी कसं जेवायचं?

आता मे १९५८, पंढरपूर. अकरा वर्षांपूर्वी, १९४७ च्या मे महिन्यात, साने गुरुजी इथेच उपोषणाला बसले आणि विठ्ठलाचं दार हरिजनांना उघडलं. आज विनोबांना देवळाचंच बोलावणं आहे, सोबतच्या अन्यधर्मीयांसकट. रांगेत तुमच्या पुढे एक मुस्लिम मुलगी आणि एक जर्मन ख्रिस्ती बाई आहे. अंगाला अंग लागतंय, तुळशीचा वास येतोय, आणि तुमची जुनी धास्ती इथेही आलीच आहे: आत गेल्यावर तो आपल्याला ओळखेल का? विनोबा विठ्ठलासमोर उभे राहतात. बासष्ट वर्षांच्या माणसाच्या डोळ्यांतून धारा लागतात आणि ते लपवतही नाहीत. या पायांशी यायची आस त्यांना जन्मभर होती, पण एकटं यायचं नव्हतं.

पुढची मुलगी वाकते, पायांवर डोकं टेकते, बाजूला होते. तुमची पाळी आली. चला, पुढे व्हा. मागे अजून पुष्कळजण उभे आहेत.