झिरो-टर्न मोअर : डेक किती इंचांचा असावा?

अमेरिकेच्या उपनगरांत एप्रिल उजाडला की शनिवारची सकाळ गवत कापण्याच्या यंत्रांच्या घरघरीने सुरू होते आणि हा क्रम ऑक्टोबरपर्यंत चालतो. घराभोवतीची हिरवळ ही तिथे केवळ हौसेची बाब नाही. गवत ठरावीक उंचीपलीकडे वाढू दिले, तर अनेक गावांत नगरपालिकेची किंवा वसाहतीच्या गृहसंघटनेची नोटीस दारात येते. दहा गुंठ्यांच्या घराला मागून ढकलत न्यायचे यंत्र पुरते. परंतु शहरापासून दूर एक-दोन एकरांत घर घेतलेल्यांना, आणि त्यांत मराठी कुटुंबेही आली, पहिल्याच उन्हाळ्यात मोठ्या यंत्राचा विचार करावा लागतो. त्यासाठी हल्ली बहुतेकांची पसंती असते ती 'झिरो-टर्न मोअर'ला.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो तो डेकच्या रुंदीचा. ४२ इंच, ४८ इंच, ५४ इंच की ६० इंच? विक्रेता सहसा जागेचे क्षेत्रफळ विचारतो आणि एकरांवरून आकडा सांगतो. हा हिशेब चुकीचा नाही, पण अपुरा आहे. योग्य डेक ठरतो तो आधी आवारातल्या सर्वांत अरुंद वाटेवरून आणि जमिनीच्या चढउतारावरून. एकरांचा विचार त्यानंतरचा. हा क्रम उलटला की हजारो डॉलरचे यंत्र फाटकाबाहेर उभे राहते.

यंत्राची रचना

झिरो-टर्न म्हणजे जागच्या जागी वळणारे यंत्र. अशा प्रकारचे पहिले यंत्र मिसुरी राज्यातील वॉरेन्सबर्ग येथे मॅक्स स्विशर यांनी १९४९ मध्ये तयार केले, असे मानले जाते. दोन हातदांड्यांनी चालणारे, आजच्या यंत्रांच्या जवळ जाणारे रूप कॅन्ससमधील जॉन रेगिअर यांनी १९६० च्या दशकात घडवले. या यंत्राला सुकाणूचाक बहुधा नसते. मागच्या दोन चाकांना स्वतंत्र गती मिळते आणि प्रत्येक चाकासाठी एक दांडा असतो. दोन्ही दांडे सारखे पुढे ढकलले की यंत्र सरळ जाते. एक पुढे व दुसरा मागे केला की ते स्वतःभोवती फिरते. पुढची चाके कार्यालयातल्या खुर्चीच्या चाकांसारखी मोकळी फिरणारी असतात. ओळ संपताच यंत्र तिथेच वळून लगतच्या ओळीला लागत असल्याने वेळ वाचतो आणि झाडांभोवतीचे गवतही नीट कापले जाते.

डेक म्हणजे आसनाखालची पोलादी पालथी परात. तिच्यात दोन किंवा तीन पाती आडवी फिरतात. साधारणतः ४२ इंची डेकमध्ये दोन, तर ४८ इंचांपासून पुढे तीन पाती असतात. डेकचा आकडा म्हणजे यंत्र एका फेरीत गवताचा किती रुंद पट्टा कापते त्याचे माप; यंत्राची एकूण रुंदी ती नव्हे. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे अनेकांची निवड चुकते.

एकरांचे आणि मिनिटांचे गणित

प्रथम विक्रेत्याचा हिशेब तपासून पाहू. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, म्हणजेच आपले बरोबर ४० गुंठे. यंत्र ताशी ५ मैल वेगाने चालते आणि वळणे व पट्ट्यांची एकमेकांवर येणारी कड यांत पाचवा हिस्सा वेळ वाया जातो, असे धरू. डेकच्या इंचांना ताशी मैलांनी गुणावे आणि १२४ ने भागावे. तासाला किती एकर कापून होईल ते मिळते. त्यानुसार एक एकर कापण्यास ३४ इंची डेकला सुमारे ४४ मिनिटे, ४२ इंचीला ३५, ४८ इंचीला ३१, ५४ इंचीला २८, ६० इंचीला २५ आणि ७२ इंचीला २१ मिनिटे लागतात.

या आकड्यांतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की रुंदी वाढत जाते तसा लाभ घटत जातो. ४२ वरून ४८ इंचांवर गेल्यास एकरामागे चार मिनिटांहून अधिक वाचतात. तेवढेच सहा इंच ५४ वरून ६० वर जाताना तीन मिनिटेही वाचवत नाहीत. दुसरी गोष्ट क्षेत्रफळाची. अर्ध्या एकरावर ४२ आणि ६० इंची डेकमधला फरक पाच मिनिटांचा, तर पाच एकरांवर तोच फरक जवळजवळ ५३ मिनिटांचा होतो. हंगामात तीस वेळा गवत कापले, तर ही बचत २६ तासांवर जाते. म्हणूनच अर्ध्या-पाऊण एकराला ६० इंची डेक घेणे ही निव्वळ हौस आहे, आणि पाच मोकळ्या एकरांना ४२ इंची डेक घेणे म्हणजे दर आठवड्याला तीन तासांची शिक्षा.

ढोबळ मानाने एक एकरापर्यंत ३४ ते ४२ इंच, एक ते दोन एकरांसाठी ४२ ते ५०, दोन ते चार एकरांसाठी ५२ ते ६० आणि त्यापुढे ६० ते ७२ इंच असा पल्ला सांगितला जातो. एकर मोजताना मात्र सातबारावरचे क्षेत्र आणि पेरणीचे क्षेत्र यांत असतो तसा भेद येथेही करावा. घर, गॅरेज, गाडीरस्ता, फुलांचे वाफे आणि झाडी वजा केल्यावर दीड एकराच्या आवारात प्रत्यक्ष गवत अनेकदा एक एकरच असते.

फाटकाची रुंदी

आता टेप घेऊन आवारात जावे. अमेरिकेतील घरांच्या मागच्या अंगणाला बहुधा कुंपण असते आणि त्यातले माणसांच्या येण्याजाण्याचे फाटक पुष्कळदा ३६ किंवा ४८ इंचांचे असते. खांबाच्या आतल्या कडेपासून समोरच्या खांबाच्या आतल्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. बिजागरी आणि कडी यांनी व्यापलेली जागा त्यातून वगळावी.

डेकच्या बाजूला कापलेले गवत फेकणारी झडप असते. ती खाली असताना यंत्राची रुंदी डेकच्या आकड्यापेक्षा साधारण दहा ते चौदा इंचांनी वाढते. वर दुमडली तरी पोलादी कवच आणि मागची चाके मिळून दोन-तीन इंच अधिक धरावे लागतात. म्हणजे ४८ इंची डेक ४८ इंचांच्या फाटकातून जात नाही. तिथे ४२ इंचीच घ्यावा लागतो. ३६ इंचांच्या फाटकासाठी ३२ ते ३४ इंची यंत्रे मिळतात. मात्र त्यांची एकूण रुंदी माहितीपत्रकात पाहूनच ठरवावे. दोन्ही बाजूंना मिळून किमान तीन-चार इंच मोकळे राहायला हवेत. मोठा डेक घ्यायचाच असेल, तर फाटक रुंद करण्याचा खर्च यंत्राच्या किमतीत आधीच धरावा.

फाटकातून जाताना पाती बंद करून झडप वर दुमडावी आणि बाहेर पडताच खाली घ्यावी. अडचण होते म्हणून ती कायमची काढून टाकण्याचा मोह अनेकांना होतो. या यंत्रांसाठीच्या अमेरिकी मानकानुसार पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फूट, म्हणजे ताशी सुमारे ३४५ किलोमीटरपर्यंत असू शकतो. त्या वेगाने उडालेला खडा आणि शेजारी खेळणारे मूल यांच्यामध्ये ती झडपच काय ती असते.

फाटकाप्रमाणेच दोन झाडांमधली, वाफा आणि कुंपण यांमधली, झोपाळ्याच्या खांबांमधली अंतरेही मोजावीत. डेक जिथे पोहोचत नाही तिथे पुन्हा हातयंत्र घेऊन चालावे लागते आणि मोठ्या डेकने वाचवलेली मिनिटे तिथेच खर्ची पडतात.

जमिनीचा पोत

डेक हा ताठ असतो, जमीन तशी नसते. रुंद डेक उंचवट्यावर आला की त्याची एक कड अधांतरी राहते आणि मधला किंवा दुसऱ्या कडेचा भाग गवत मुळापर्यंत खरवडून काढतो. हिरवळीवर पिवळे-तपकिरी चट्टे दिसतात ते यामुळे. हे टाळण्यासाठी डेकखाली छोटी रोधक चाके बसवलेली असतात. तथापि खड्डे, उंचवटे व झाडांची वर आलेली मुळे यांवर त्यांचा इलाज मर्यादित असतो. अशा जमिनीवर ४२ किंवा ४८ इंची डेक अधिक सारखे कापतो. मैदानासारख्या सपाट जागेवर मात्र ६० इंचांनाही अडचण येत नाही.

वजनाचाही विचार हवा. घरगुती ४२ इंची यंत्राचे वजन अडीचशे किलोच्या आसपास, तर व्यावसायिक ६० इंची यंत्राचे त्याच्या दुपटीहून अधिक असते. पावसानंतरच्या मऊ जमिनीत जड यंत्राची चाके चर पाडतात.

उतार : दुर्लक्ष न करण्याची बाब

आतापर्यंतच्या चुका पैशांच्या किंवा वेळेच्या होत्या. उताराची चूक जिवावर बेतते. झिरो-टर्न यंत्राचे वळणे आणि थांबणे या दोन्ही गोष्टी मागच्या चाकांवर अवलंबून असतात. उतारावर, विशेषतः ओल्या गवतावर, ती चाके घसरली की पुढची मोकळी चाके यंत्राला दिशा देऊ शकत नाहीत. ते उतार नेईल तिकडे जाते आणि उलटूही शकते.

बहुतेक उत्पादक १५ अंशांहून अधिक उतारावर यंत्र नेऊ नये असे बजावतात. काही यंत्रांची मर्यादा याहून कमी असते. पंधरा अंश डोळ्यांनी ओळखणे कठीण. त्यासाठी चार फूट लांबीची सरळ फळी घ्यावी, तिचे एक टोक चढाच्या बाजूला जमिनीवर टेकवावे आणि स्पिरिट लेव्हल ठेवून ती आडवी धरावी. दुसऱ्या टोकाखालचे अंतर १३ इंच भरले, तर उतार १५ अंशांचा समजावा. तेवढा किंवा त्याहून अधिक उतार असेल, तर तो भाग या यंत्राच्या कक्षेतून वगळावा. तिथे झुडपे लावावीत किंवा हाताने चालवायचे यंत्र वापरावे. रुंद डेकच्या यंत्राची चाके अधिक फाकलेली असल्याने ते स्थिर वाटते. परंतु त्या भरवशावर मर्यादा ओलांडू नये. तळे, ओढा किंवा बांधाची कड यांपासून यंत्राच्या दुप्पट रुंदीइतके अंतर राखावे.

आसनामागे उलटण्यापासून रक्षण करणारी कमान असेल, तर ती उभी ठेवून आसनपट्टा बांधावा. कमान नसेल किंवा दुमडलेली असेल, तेव्हा पट्टा बांधू नये. सोळा वर्षांखालील मुलांच्या हाती असे यंत्र देऊ नये, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचे सांगणे आहे. सुट्टीसाठी आलेल्या नातवंडांना मांडीवर बसवून फेरी मारण्याचे कौतुक तर कटाक्षाने टाळावे.

शक्ती, पोलाद आणि जागा

डेक वाढला की इंजिनाचे काम वाढते. ४२ इंचांना १८ ते २२ अश्वशक्ती, ५४ इंचांना २३ ते २६ आणि ६० इंचांपुढे २५ किंवा अधिक, असे प्रमाण आढळते. उंच, दाट गवतात कमी शक्तीचा रुंद डेक गुदमरतो आणि वेग कमी करावा लागल्याने रुंदीचा फायदा नाहीसा होतो. अलीकडे बॅटरीवर चालणारी यंत्रेही मिळतात. त्यांत रुंद डेक बॅटरी लवकर संपवतो. म्हणून एका भारात किती क्षेत्र होईल ते पाहावे.

डेकचा पत्रा 'गेज'मध्ये सांगतात आणि येथे आकडा लहान तितका पत्रा जाड. १२ गेजचा पत्रा सुमारे २.७ मिलिमीटर, तर १० गेजचा सुमारे ३.४ मिलिमीटर असतो. दगडगोट्यांच्या जमिनीवर जाड पत्र्याचा, जोडकामाने घडवलेला डेक टिकाऊ ठरतो.

शेवटी ठेवण्याची जागा. गॅरेजमध्ये दोन मोटारी उभ्या केल्यावर ६० इंची यंत्र मावेल काय, हे आधी पाहावे. पाच फूट रुंदीच्या ट्रेलरवर ते चढत नाही, हेही दुरुस्तीसाठी नेण्याची वेळ येण्यापूर्वी माहीत असावे.

निवडीचा क्रम

सारांश असा : प्रथम सर्वांत अरुंद फाटक मोजावे; त्यातून डेकची कमाल मर्यादा ठरते. नंतर उतार तपासून धोक्याचा भाग वगळावा. मग जमीन किती खडबडीत आहे ते चालून पाहावे आणि सरतेशेवटी उरलेल्या गवताचे एकर मोजून मिनिटांचा हिशेब करावा. दोन मापांत मन अडले, तर झाडे, वाफे आणि उंचवटे अधिक असलेल्या आवारात लहान माप घ्यावे. मोकळ्या, सपाट जागेत मोठे. एकरामागे तीन-चार मिनिटे जास्त लागली तर बिघडत नाही. फाटकात न मावणारे किंवा उतारावर न आवरणारे यंत्र मात्र कितीही सवलतीत मिळाले तरी महागच पडते.