गळा एकीचा, चेहरा दुसरीचा

१९८९ सालच्या सप्टेंबर महिन्यांत एका नृत्यगीतानें इंग्लंडला वेड लावलें. 'राइड ऑन टाइम' हें त्याचें नांव. 'ब्लॅक बॉक्स' या इटालियन संचाचें हें गाणें सहा आठवडे विक्रीच्या यादींत अग्रस्थानीं राहिलें. इतकेंच नव्हे, तर त्या सालीं ब्रिटनमध्यें सर्वांत अधिक खपलेलें गीत तेंच ठरलें. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर कात्रिन किनॉल नांवाची तरुणी तें गातांना दिसे. पण ओठ तेवढे तिचे हालत. गळा दुसरीचाच होता.

तो गळा लोलीटा हॉलोवे हिचा. १९४६ सालीं शिकागो शहरांत जन्मलेल्या या कृष्णवर्णीय गायिकेचा आवाज ख्रिस्ती भक्तिगीतांच्या परंपरेंत घडला होता. १९८० सालीं तिनें डॅन हार्टमन यानें रचलेलें 'लव्ह सेन्सेशन' हें गीत गाइलें. तो 'डिस्को' संगीताचा उतरता काळ होता. आदल्याच वर्षीं, १२ जुलै १९७९ रोजीं, शिकागोच्या बेसबॉल मैदानांत डिस्कोच्या तबकड्यांची पेटी सुरुंग लावून उडविण्यांत आली, आणि प्रेक्षकांनीं मैदानांत घुसून एवढा दंगा केला कीं पुढचा सामना रद्द करावा लागला.

मैदानांत ज्यांची अशी होळी झाली, त्याच तऱ्हेच्या तबकड्या त्याच शहरांत अन्यत्र जिवापाड जपल्या जात होत्या. 'वेअरहाउस' नांवाच्या नृत्यगृहांत १९७७ पासून फ्रँकी नकल्स हा कलावंत त्या एकमेकींत गुंफून रात्ररात्र वाजवीत असे. तेथें जमणारे तरुण बहुतेक कृष्णवर्णीय आणि समलिंगी होते. बाहेरच्या जगानें नाकारलेल्यांचें तें विसाव्याचें ठिकाण होतें. पुढें या गाण्यांना यंत्रावरील तालाची जोड मिळाली. एका मात्रेवर एक असे सारख्या वजनाचे चार ठोके अखंड पडत राहावयाचे, हें त्या तालाचें रूप. यांतूनच जें संगीत जन्मास आलें, त्यास त्या गृहाच्या नांवावरूनच 'हाउस' हें नांव पडलें, असें सामान्यतः मानतात.

हें संगीत युरोपांत पोहोंचलें, तेव्हां त्याच्या हातीं 'सॅम्पलर' नांवाचें नवें साधन आलें होतें. कोणत्याही ध्वनीचा तुकडा या यंत्रांत साठवावा आणि कळ दाबतांच हव्या त्या क्षणीं, हव्या तितक्या वेळां तो उमटवावा, अशी त्याची करामत. दानिएले दावोली, मिर्को लिमोनी आणि वालेरिओ सेम्प्लिची या त्रयीनें हॉलोवेच्या तबकडींतील आलापांचे तुकडे उचलले आणि त्यांवर आपलें नवें गाणें उभारलें. मूळ गीतांत 'राइट' असलेला शब्द त्यांच्या कानांना 'राइड' असा ऐकूं आला, आणि तेंच गाण्याचें नांव झालें!

गाणें गाजलें, परंतु हॉलोवेचें नांव कोठेंच नव्हतें. तिनें कायद्याचा आधार घेतला, आणि अखेर तडजोड होऊन तिला मोबदला मिळाला. मध्यंतरीं हेदर स्मॉल या गायिकेकडून तेंच गाणें पुनः गाऊन घेण्यांत आलें. पण श्रेय तिलाही दिलें गेलें नाहीं! पुढें याच संचासाठीं मार्था वॉश हिनें गाइलेल्या गीतांवरही पडद्यावर किनॉलचेच ओठ हालले. वॉशनें न्यायालयाचें दार ठोठावलें. तिच्या या व अशाच दुसऱ्या दाव्यांमुळें, गाणाऱ्याचें नांव छापलेंच पाहिजे, या आग्रहास अमेरिकेंत मोठें बळ आलें.

हे सारे दावे केवळ द्रव्यासाठीं होते काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. तबकडीमुळें आवाज गायकाच्या देहापासून वेगळा झाला. सॅम्पलरनें तर त्याचे तुकडे केले. अशा वेळीं आवाज कोणाचा, हें जगाला सांगावयास नांवावांचून दुसरें कांहीं उरत नाहीं. तें पुसलें गेलें, तर गाणें घरोघर पोहोंचूनही गाणारी मात्र अनोळखीच राहते.

१९९१ सालीं 'लव्ह सेन्सेशन' मधील तेच स्वर 'गुड व्हायब्रेशन्स' या गीतांत पुनः घुमले आणि तें अमेरिकेंत पहिल्या क्रमांकावर गेलें. या खेपेस तबकडीवर हॉलोवेचें नांव होतें, आणि चित्रफितींत ती स्वतः गातांना दिसली. २०११ सालीं ती निवर्तली, तेव्हां त्या आवाजाची धनीण कोण, हें जगास ठाऊक झालें होतें.