उघड्या आभाळाखालचा चेहरा

वाचकहो, आपल्या घरातील भिंतीवरचा सर्वांत जुना फोटो एकदा खाली उतरवा, धूळ पुसा आणि नीट पाहा. त्यातल्या माणसाचे डोळे दिसतात का?

माझ्या घरी आजोबांचा एकच फोटो आहे. भर दुपारी खळ्यात उभे करून काढलेला. पागोट्याचे पेच दिसतात, मिशा दिसतात. पण डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खाचा आहेत. मी तो मोठा करून घ्यायला नेला, तेव्हा फोटोवाला म्हणाला, "सर, फोटो पाहिजे तेवढा मोठा करतो, पण डोळे कुठून आणू? ते उन्हाने तेव्हाच खाल्ले." आजोबांना मी पाहिलेले नाही. आता त्यांचे डोळे मला कधीच दिसणार नाहीत. त्या एका वाक्यापायी मी या विषयाकडे वळलो.

छायाचित्रणाची कला 1839 साली युरोपात जाहीर झाली आणि थोड्याच काळात मुंबईत पोहोचली. 1854 मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची सोसायटी स्थापन झाली आणि 1855 मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत ही विद्या शिकविणारा वर्गही निघाला. तेथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे नामांकित छायाचित्रकार झाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनाही हा नाद होता. म्हणजे ही विद्या नवी होती तेव्हापासूनच आपली माणसे ती शिकत होती.

त्या वेळी विजेचे दिवे नव्हते. जो काही उजेड तो सूर्याचा. काचेवर रसायन ओतायचे आणि ते ओले आहे तोवरच फोटो घेऊन काच धुवायची. माणसाला काही सेकंद हलू न देता बसवावे लागे. म्हणून जुन्या फोटोंत सगळे गंभीर दिसतात. शिवाय त्या काचेला निळा उजेड चटकन लागे, तांबडा जवळजवळ लागतच नसे. त्यामुळे तांबडे पागोटे काळे उमटे, निळे आभाळ कोरे राही आणि उन्हात रापलेला चेहरा होता त्याहून काळा येई. तेव्हा जुना फोटो पाहून 'पणजोबा फारच काळे होते हो' असे म्हणण्याची घाई करू नका. दोष काचेचा असेल.

जाणकार छायाचित्रकार मग काय करीत? ते काचेच्या छपराची खोली बांधीत आणि उजेड उत्तरेकडून घेत. उत्तरेकडून ऊन थेट येत नाही, नुसते आभाळ येते, आणि आभाळाचा उजेड मऊ असतो. त्याच काळात विल्यम जॉन्सन यांनी मुंबईच्या निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांच्या छायाचित्रांचे ग्रंथ काढले (1863 ते 1866). त्यांत माणूस एकीकडे टिपलेला आणि मागचा देखावा दुसरीकडचा, असा जोडकाम केलेला प्रकार आहे. माणूस आपल्याच अंगणात, आपल्याच उजेडात उभा असला की जे साधते, ते अशा जोडकामाने साधत नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. शिर्डीच्या साईबाबांचे देहावसान 1918 साली झाले. त्यांची अस्सल छायाचित्रे मोजकीच आहेत: शिळेवर पायावर पाय टाकून बसलेले, भिंतीला टेकून उभे, डोक्यावर छत्री धरलेली असताना लेंडीकडे निघालेले. त्यांत रंगविलेला पडदा नाही, नक्षीची खुर्ची नाही. मागे गावाची भिंत, पायाखाली गावाची माती आणि वर दिवसाचा उजेड. पुढे समाधिमंदिरासाठी मूर्ती करण्याचे काम मुंबईचे शिल्पकार बाळाजी वसंत तालीम यांच्याकडे आले. त्यांच्यापुढे आधार होता तो एका काळ्यापांढऱ्या छायाचित्राचा, असे सांगतात. 1954 साली मूर्तीची प्रतिष्ठापना झाली. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याच्याजवळ. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला एवढेच दिसते, की माणूस गेल्यावर छत्तीस वर्षांनी संगमरवरात चेहरा उभा करायचा, तर कोणीतरी कधीतरी बऱ्या उजेडात काढलेला फोटो हाताशी असावा लागतो.

तुम्ही म्हणाल, हे थोरामोठ्यांचे झाले. आमच्या म्हातारीचे काय? तिच्यासाठीच तर हे सांगतो आहे. आज मोबाइल घरोघर आहे. काच धुवायची नाही, रसायन नाही. पण सूर्य तोच आहे आणि त्याचे नियमही तेच आहेत.

आपला नगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर, पर्जन्यछायेतला. ऊन प्रखर. मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस तर मध्यान्हीला सूर्य अगदी डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच विरते. अशा वेळी भुवयांची सावली डोळ्यांत पडते. माझ्या आजोबांचे झाले ते हेच. म्हणून फोटो सकाळी घ्या, नाहीतर उन्हे कलल्यावर. दुपारीच घ्यायचा झाला तर माणसाला ओसरीत, उंबऱ्याच्या आत दोन हातांवर बसवा आणि तोंड अंगणाकडे करा. ऊन अंगणात राहील, उजेड चेहऱ्यावर येईल. अंगणासमोर चुन्याची भिंत असली तर फारच उत्तम. तिच्यावरून परतलेला उजेड सुरकुत्यांवर हळुवार उतरतो. ती नसेल तर कोणीतरी पांढरे धोतर ताणून समोर धरावे. लिंबाखाली बसवाल तर दाट सावली शोधा. विरळ पानांतून कवडसे पडले की चेहरा कबरा होतो.

आणि मागचे सामान आवरू नका. जाते, उखळ, बैलाची झूल, भिंतीला टेकवलेले खोरे राहू द्या. माणूस कोणत्या कामात जगला हे पुढच्या पिढीला तेच सांगेल.

शिक्षक मित्रांना एक विनंती. वर्गातल्या प्रत्येक मुलाला सांगा, की घरातल्या सर्वांत वडील माणसाचा एक फोटो असा घेऊन ये आणि त्यासोबत नाव, गाव, तारीख लिही. नाव नसलेला फोटो पन्नास वर्षांनी कोणाचाच राहत नाही. दहा वर्षांत शाळेपाशी गावाचा इतिहास जमेल. ज्यांचे नाव कोणत्याच बखरीत येणार नाही, त्या माणसांचा.

तेव्हा उद्या सकाळी, न्याहारीनंतर, आजीला ओसरीत बसवा. "माझा कशाला मेला फोटो," असे ती म्हणेल. म्हणू द्या. तोंड मात्र अंगणाकडे करायला सांगा.