ब्रिटिश वाहनपरवाना : वैद्यकीय कारणाने रद्द झाल्यावर परदेशातून परत मिळवणे

ग्रेट ब्रिटनमधील परवाने स्वान्सी येथील डीव्हीएलए देते. उत्तर आयर्लंडसाठी डीव्हीए ही वेगळी संस्था आहे. वाहन चालवण्यात अडथळा आणणारा आजार परवानाधारकाने स्वतः कळवायचा असतो. न कळवल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड होतो. कळवल्यानंतर परवाना रद्द होऊ शकतो किंवा धारक तो आपणहून परत करू शकतो. हा फरक किरकोळ नाही. आपणहून परत केलेल्याला डॉक्टरांनी तंदुरुस्त ठरवल्यास नवा अर्ज प्रलंबित असतानाही, काही अटींवर, १९८८ च्या रोड ट्रॅफिक ॲक्टच्या कलम ८८ खाली गाडी चालवता येते. रद्द झालेल्याला मात्र नवा परवाना हाती येईपर्यंत थांबावे लागते.

अपस्मार : मोटार व दुचाकीसाठी शेवटच्या झटक्यानंतर साधारणतः १२ महिने झटकामुक्त जावे लागतात, विनाकारण आलेल्या पहिल्या एकट्या झटक्यानंतर बहुधा ६. झटके फक्त झोपेतच येतात असे वर्षभर दिसून आले, तर परवाना मिळू शकतो. पूर्वी जागेपणी झटके आले असतील तर ही मुदत ३ वर्षे होते. डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध कमी करताना झटका आला आणि पूर्वीचे औषध पुन्हा सुरू केले, तर ६ महिन्यांनी विचार होतो. म्हणून प्रत्येक झटक्याची तारीख, तो जागेपणी आला की झोपेत, आणि त्या वेळचा औषधाचा डोस रुग्णाने टिपून ठेवलाच पाहिजे. देश बदलला की जुने केसपेपर मागे राहतात आणि नव्या डॉक्टरला इतिहास तोंडी सांगावा लागतो. मुदत संपण्याच्या ८ आठवडे आधी डी१ अर्ज व अपस्माराची प्रश्नावली पाठवता येते. ट्रक-बससाठी अपस्मारात १० वर्षे झटका व औषध दोन्ही नकोत.

वास्तव्य : झटकामुक्त काळ कुठेही राहून मोजला जातो; परवाना मात्र ग्रेट ब्रिटनमध्ये नेहमीचे वास्तव्य असलेल्यालाच मिळतो. सर्वसाधारण मोजमाप वर्षातील १८५ दिवसांचे. परदेशातला पत्ता परवान्यावर येत नाही. दोन्ही देशांत घर असलेल्यांबाबत निर्णय प्रकरण पाहून होतो. नातेवाइकाचा पत्ता देऊन खोटे निवेदन करणे हा गुन्हा आहे. अपघात झाला तर विम्याचा प्रश्नही उभा राहतो. पूर्वी उत्तीर्ण केलेली चाचणी सहसा पुन्हा द्यावी लागत नाही, त्यामुळे ब्रिटनला परतून अर्ज करणाऱ्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

अपील : इंग्लंड-वेल्समध्ये मॅजिस्ट्रेट कोर्टात ६ महिन्यांत, स्कॉटलंडमध्ये शेरीफ कोर्टात २१ दिवसांत.

भारतात राहणारे : रद्द झालेल्या ब्रिटिश कार्डावर येथे गाडी चालवता येत नाही, त्यावर आधारलेल्या आंतरराष्ट्रीय परमिटचाही उपयोग नाही. पुण्यात राहणाऱ्याला राज्यातील कोणत्याही आरटीओकडे अर्ज करता येतो. तेथील फॉर्म १ मध्ये अपस्मार, अचानक शुद्ध हरपणे व घेरी याविषयी थेट प्रश्न आहे. झटके थांबलेले असले तरी त्याचे उत्तर खरे द्यायचे आणि न्यूरॉलॉजिस्टचे पत्र जवळ ठेवायचे.