येडाईच्या यात्रेतील आराधी गाणी

येरमाळ्याला चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत येडेश्वरीपुढे, म्हणजेच येडाईपुढे, रात्र-रात्र चालणारी आराधी गाणी मराठवाड्यातल्या देवीभक्तीच्या फार जुन्या परंपरेतून आली आहेत. धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यातले हे गाव बालाघाटच्या डोंगररांगेत, सोलापूर-धुळे महामार्गावर वसले आहे. देवीचे मूळ देऊळ डोंगरावर, तर दुसरे ठाणे आमराईत आहे.

या परंपरेचा जुना धागा गोंधळात सापडतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या १२व्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात ‘गोंडली’ नावाच्या नृत्याचा उल्लेख आहे. त्यानंतर देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शारंगदेवाने १३व्या शतकात ‘संगीतरत्नाकरा’तही त्याची नोंद केली. केवळ नाव जुळते म्हणून आजचा गोंधळ म्हणजे तेच नृत्य, असे म्हणणे घाईचे ठरेल. पण या भागातले लोकनृत्य तेव्हाच्या शास्त्रकारांच्या नजरेत भरले होते, एवढे त्यातून नक्की दिसते.

पुढच्या काळात गोंधळ हा घराण्यांकडे चालत आलेला व्यवसाय झाला. माहूरच्या रेणुकेचे उपासक रेणुराई आणि तुळजाभवानीचे कदमराई, अशा गोंधळ्यांच्या दोन शाखा. गावगाड्यात त्यांची गणना अलुतेदारांत होई. लग्नानंतर किंवा नवस फेडताना यजमानाच्या घरी गोंधळ घातला जाई. आधी चौक मांडायचा: पाटावर कोरे वस्त्र, त्यावर धान्याची रास, राशीवर कलश आणि भोवती उसाच्या किंवा ज्वारीच्या ताटांचा मांडव. मग दिवटी पाजळायची. दिवटीवरच्या चिंध्यांच्या बोळ्यावर तेल घालत ती रात्रभर जागती ठेवली जाते. कंबरेला बांधलेल्या संबळाची एक नगारी लहान नि चढ्या आवाजाची, तर दुसरी मोठी नि खर्जाची. काड्यांनी ती घुमू लागली, की शेजारी तुणतुण्याचा एकतारी सूर धरला जातो. गोंधळ्यांचा म्होरक्या म्हणजे नाईक. तो गणेशापासून सुरुवात करून एकेका ठाण्याच्या देवाला गोंधळाला बोलावतो. तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा यांच्याबरोबर येरमाळ्याच्या येडाईलाही हाक असते. आवाहन संपले की आख्यान, आणि आरतीने शेवट. मांडणी, गाणे, नाच आणि कथा यांतले काहीही वेगळे काढले, तर गोंधळ उरत नाही.

आराध्यांची वाट मात्र निराळी. तिथे घराणे लागत नाही, नवस लागतो. कोणत्याही जातीचा पुरुष किंवा बाई गळ्यात कवड्यांची माळ घालून, हातात परडी घेऊन देवीची सेवा पत्करते आणि मंगळवारी-शुक्रवारी जोगवा मागते. म्हणूनच गोंधळात जो बाईचा आवाज सहसा ऐकू येत नाही, तो आराध्यांच्या मेळ्यात पुढे असतो. या परंपरेची खरी संपत्ती हीच आहे. शेतात राबणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या बायांनी आपले सासर, माहेर, दुखणे आणि नवस देवीच्या गाण्यात गुंफले आणि ते चारचौघांत मोकळ्या गळ्याने म्हटले. संबळ, हलगी, झांज आणि तुणतुणे एवढ्यावर मेळा उभा राहतो. एकीने ओळ उचलायची, बाकीच्यांनी ती झेलायची.

येरमाळ्याच्या यात्रेत या मेळ्यांना हक्काची जागा मिळाली. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पालखी डोंगरावरून निघते. चुन्याच्या रानात भाविक चुनखडीचे खडे वेचून त्यांची रास घालतात. मंदिराला द्यायचा चुना या खड्यांचा. नंतर पालखी आमराईत उतरते आणि पाच दिवस तिथेच राहते. या मुक्कामात गावोगावचे मेळे झाडांखाली फड धरतात आणि एका मेळ्याचे गाणे संपायच्या आत शेजारच्या मेळ्याचे सुरू होते. श्रावण पौर्णिमेलाही यात्रा भरते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस कॅसेट आल्या आणि आराधी गाणी यात्रेबाहेर, एसटी स्टँडवरच्या दुकानांत आणि जीपगाड्यांत वाजू लागली. पुढे सीडी आणि मोबाइल आले, ढोलकीच्या जोडीला कीबोर्डही आला. गाणाऱ्यांना त्यातून नाव आणि चार पैसे मिळाले, हे चांगलेच झाले. पण चार-पाच मिनिटांच्या ध्वनिमुद्रणात आख्यान मावत नाही, म्हणून सुटी गाणी पसरली आणि लांब कथा मागे पडल्या. आज त्या प्रामुख्याने गोंधळ्यांच्या घराण्यांत आणि आमराईत पहाटेपर्यंत बसणाऱ्या जुन्या मेळ्यांत ऐकायला मिळतात.