कोणती लेन्स चांगली? एका जुन्या वादाची गोष्ट

चार हौशी छायाचित्रकार एकत्र आले की एक प्रश्न हमखास निघतो : कोणता कॅमेरा चांगला, कोणती लेन्स चांगली? फोटो दाखवले जातात, आकडे सांगितले जातात, आवाज चढतात आणि बहुधा प्रत्येक जण आपले मत घेऊनच घरी जातो. हा वाद नवा नाही. 1930 च्या दशकात जर्मनीतील दोन कॅमेऱ्यांवरून तो फार रंगला होता. त्या वादात आपल्या पाठ्यपुस्तकातले परावर्तन आणि अपवर्तन पदोपदी भेटते, म्हणून शिक्षकांना त्याची माहिती असणे उपयोगाचे आहे. शिवाय त्यात एक विशेष गोष्ट घडली. ज्या प्रकारच्या लेन्स मागे पडल्या होत्या, त्यांचा मूळ आराखडा कायम असतानाच त्या पुढे आल्या. असे कसे झाले, ते आपण पाहू.

सुरुवातीलाच शब्दांचा खुलासा करू. कॅमेऱ्याची लेन्स म्हणजे एक भिंग नसते, ती अनेक भिंगांची मिळून बनते. म्हणून या लेखात पूर्ण संचाला 'लेन्स' आणि त्यातील प्रत्येक काचेला 'भिंग' म्हटले आहे.

लहान निगेटिव्ह, मोठा फोटो

ऑस्कर बारनाक हा वेट्झलर गावातील लाइट्झ या सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या कारखान्यात काम करत होता. त्याला दम्याचा त्रास होता आणि काचेच्या प्लेटांचा जड कॅमेरा घेऊन हिंडणे त्याला झेपत नसे. सिनेमाची 35 मिमी रुंदीची फिल्म वापरून त्याने 1914 च्या सुमारास खिशात मावेल असा कॅमेरा तयार केला. सिनेमाची एक चौकट 18 × 24 मिमी असे. बारनाकने ती दुप्पट करून 24 × 36 मिमी केली. पुढे महायुद्ध आले. अखेर 1925 मध्ये लाइप्झिगच्या जत्रेत हा कॅमेरा लोकांपुढे आला. लाइट्झ आणि कॅमेरा या दोन शब्दांतून त्याचे नाव झाले 'लायका'.

आता एक साधा हिशोब करू. 24 मिमी उंचीच्या निगेटिव्हवरून 24 सेंमी उंचीचा फोटो काढायचा तर चित्र 10 पट मोठे करावे लागते. चित्राबरोबर लेन्सचा प्रत्येक दोषही 10 पट मोठा होतो. मोठ्या प्लेटच्या कॅमेऱ्यात जो दोष दिसतही नसे, तो इथे डोळ्यात भरू लागला. लेन्सच्या तुलनेला या काळात एवढे महत्त्व का आले, याचे मोठे कारण हेच.

लायकासाठी माक्स बेरेक याने लेन्स तयार केली. ती लवकरच 'एल्मार' या नावाने प्रसिद्ध झाली. तिचे नाभीय अंतर 50 मिमी आणि एफ-क्रमांक 3.5 होता. एफ-क्रमांक म्हणजे नाभीय अंतर भागिले प्रकाश आत येण्याच्या छिद्राचा व्यास. क्रमांक जितका लहान, तितके छिद्र मोठे आणि आत येणारा प्रकाश जास्त.

काँटॅक्सचे आव्हान

1932 मध्ये ड्रेस्डेनच्या झाइस इकॉन कंपनीने 'काँटॅक्स' हा कॅमेरा बाजारात आणला. लायकाच्या प्रत्येक बाबीला त्यात उत्तर होते. लायकाची लेन्स आटे फिरवून बसवावी लागे, काँटॅक्सची खटक्याने बसे. लायकाचे शटर कापडी पडद्यांचे होते, काँटॅक्सचे धातूच्या पट्ट्यांचे होते आणि ते 1/1000 सेकंदापर्यंत चाले. त्याच वर्षीच्या लायकाची मजल 1/500 सेकंदापर्यंतच होती.

अंतर मोजण्याची सोय दोघांतही होती. दोन खिडक्यांतून एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसत आणि त्या एकमेकींवर आणल्या की लेन्स बरोबर अंतरावर जुळे. आपले दोन डोळे याच तत्त्वावर अंतराचा अंदाज घेतात. नाकापुढे बोट धरून आळीपाळीने एकेक डोळा मिटला की बोट सरकल्यासारखे दिसते. दोन डोळे अधिक दूर असते तर ते आणखी सरकले असते. म्हणजेच पाया जितका लांब, तितके मापन अचूक. काँटॅक्सच्या खिडक्यांमधील अंतर सुमारे 10 सेंमी होते, तर लायकाचे 4 सेंमीपेक्षाही थोडे कमी.

कागदावर पाहिले तर काँटॅक्स सरस होता. परंतु त्याचे पहिले शटर गुंतागुंतीचे होते आणि त्यात वारंवार सुधारणा कराव्या लागल्या. लायकाचे साधे कापडी शटर निमूटपणे काम करत राहिले. 'जास्त सोयी' आणि 'जास्त भरवसा' यांतील एकाची निवड करायची होती आणि तिचे उत्तर प्रत्येकाच्या कामावर अवलंबून होते.

लेन्सच्या बाबतीत मात्र काँटॅक्सकडे हुकमाचा एक्का होता. लुडविग बेर्टेले याने त्यासाठी 'झोनार' लेन्स तयार केली होती. तिचा एफ-क्रमांक होता 1.5. एल्मारशी तुलना केली तर 3.5 भागिले 1.5 याचा वर्ग, म्हणजे सुमारे साडेपाच पट प्रकाश! दिव्याच्या उजेडात, नाटकगृहात, तिन्हीसांजेला फोटो काढणाऱ्यांना ही केवढी मोठी गोष्ट होती. लाइट्झनेही 1936 मध्ये एफ 1.5 ची 'झेनॉन' ही लेन्स आणली. आता आकडा दोघींचा सारखा झाला. तरीही समोर दिवा किंवा उजळ खिडकी असताना झोनारचे फोटो अधिक स्वच्छ येत. असे का व्हावे?

पृष्ठभाग मोजा

उत्तर मोजणीत सापडते. दोन्ही लेन्समध्ये प्रत्येकी सात भिंगे होती. झोनारमध्ये ती एकमेकांना चिकटवून तीन गट केले होते, तर झेनॉनमध्ये पाच. प्रत्येक गटाला हवेला लागून दोन पृष्ठभाग असतात. म्हणजे झोनारचे 6 आणि झेनॉनचे 10.

प्रकाश हवेतून काचेत किंवा काचेतून हवेत जाताना त्याचा थोडा भाग परत फिरतो. साध्या काचेसाठी (अपवर्तनांक 1.5) हा भाग 4 टक्के असतो, जड काचेसाठी त्याहून जास्त. सरासरी 5 टक्के धरू. प्रत्येक पृष्ठभागावर 95 टक्के प्रकाश पुढे जातो. सहा पृष्ठभागांनंतर सुमारे 74 टक्के उरतो, दहानंतर फक्त 60 टक्के.

हरवलेल्या प्रकाशापेक्षा भटकलेला प्रकाश अधिक त्रासाचा असतो. एका पृष्ठभागावरून मागे फिरलेला किरण दुसऱ्यावरून पुन्हा पुढे येतो आणि भलत्याच जागी फिल्मवर पडतो. त्यामुळे काळा भाग करडा होतो आणि चित्र धुरकट दिसते. अशा जोड्या किती? सहा पृष्ठभागांतून दोन निवडण्याचे प्रकार 15, आठातून 28, दहातून 45. संयोग-गणित शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.

हे वर्गात करूनही पाहता येते. सूक्ष्मदर्शकाच्या पाच स्वच्छ काचपट्ट्या घ्या. त्यांच्या दोन्ही टोकांना कागदाचे बारीक तुकडे ठेवून, मध्ये हवा राहील अशा त्या एकमेकींवर रचा. हे झाले दहा पृष्ठभाग. हा थर काळ्या कागदावर ठेवून खिडकीचे प्रतिबिंब तिरपे पाहा. काळा कागद चांगलाच पांढुरका दिसेल. आता कागदाचे तुकडे काढून प्रत्येक दोन पट्ट्यांमध्ये पाण्याचे थेंब पसरवा. काच तितकीच आहे, पण प्रतिबिंब फिके होते आणि काळा रंग परत येतो. पाण्याचा अपवर्तनांक हवेपेक्षा काचेच्या जवळ असल्यामुळे आतल्या पृष्ठभागांवरचे परावर्तन जवळजवळ नाहीसे होते. बेर्टेलेने भिंगे चिकटवून जे साधले, ते हेच.

याच कारणाने एक जुनी लेन्स अडगळीत पडली होती. 1896 मध्ये झाइसच्या पाउल रुडॉल्फने 'प्लानार' नावाची लेन्स शोधली. मध्यभागाच्या दोन्ही बाजूंना सारखी रचना असल्यामुळे तिचे अनेक विपथनदोष आपोआप कमी होत. परंतु तिला हवेला लागून आठ पृष्ठभाग होते. रुडॉल्फनेच 1902 मध्ये चार भिंगांची आणि सहा पृष्ठभागांची 'टेसार' काढली, आणि लोकांनी तीच उचलून धरली.

डाग पडलेली काच

1886 मध्ये इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅले यांना असे दिसले की जुन्या, पृष्ठभागावर पुटे चढलेल्या काचेतून नव्या स्वच्छ काचेपेक्षा जास्त प्रकाश जातो. पुढे भिंगतज्ज्ञ डेनिस टेलर यांनी काचेवर रसायनांनी मुद्दाम असे पुट आणण्याची रीत शोधली आणि 1904 मध्ये तिचे पेटंट घेतले. पण परिणाम दर वेळी सारखा येत नसे.

1935 मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वात पेटीत भिंगावर पातळ थर चढवण्याची पद्धत तयार केली. मॅग्नेशियम फ्लोराइडसारख्या पदार्थाचा हा थर सुमारे 100 नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग जाडीचा असतो. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परत फिरणाऱ्या लहरी एकमेकींना मारक ठरतात. 4 टक्क्यांचे परावर्तन सुमारे दीड टक्क्यावर येते. जाडी बहुधा हिरव्या प्रकाशासाठी ठरवलेली असल्याने तांबडा आणि निळा प्रकाश थोडा परत फिरतो, म्हणून असे भिंग जांभळट दिसते.

आता पुन्हा हिशोब करू. दीड टक्का धरला तर सहा पृष्ठभागांनंतर 91 टक्के प्रकाश उरतो आणि दहानंतर 86 टक्के. 74 आणि 60 मधली दरी जवळजवळ बुजली. दुसऱ्या महायुद्धानंतर असा थर सर्रास वापरात आला आणि अडगळीतली प्लानारची रचना पुन्हा पुढे आली.

पुढे आणखी एक कारण तिच्या मदतीला आले. 1959 मध्ये जपानचा 'निकॉन एफ' हा आरशाचा कॅमेरा निघाला आणि 1960 च्या दशकात या प्रकारच्या कॅमेऱ्यांनी बाजार व्यापला. त्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये हलणाऱ्या आरशाला जागा लागते. 50 मिमीच्या झोनारचे शेवटचे भिंग फिल्मच्या फार जवळ असे, त्यामुळे ती तिथे बसेना. प्लानारच्या वंशातील लेन्स बसत होत्या. झोनारच्या गुणांत काहीच उणे झाले नव्हते, तिच्याकडून अपेक्षित असलेले काम बदलले होते.

नावाचा पगडा

तुलनेत नावही कसे आड येते, हे 1950 मध्ये दिसले. 'लाइफ' साप्ताहिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन तेव्हा टोकियोत होते. जून मिकी या तरुण जपानी छायाचित्रकाराने निप्पॉन कोगाकू कंपनीच्या 85 मिमी 'निक्कोर' लेन्सने त्यांचा फोटो काढला. त्यातले बारकावे पाहून डंकन थेट कारखान्यात गेले आणि आपल्या जर्मन लेन्सशी तिथल्या लेन्सची तुलना करून पाहिली. नंतर कोरियाच्या युद्धात त्यांनी आपल्या लायकावर निक्कोर लेन्स लावून फोटो काढले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये या लेन्सवर लेख आला. जपानी माल म्हणजे स्वस्त नक्कल, असे मानणाऱ्या अमेरिकेत ती बातमीच होती. ती 85 मिमीची निक्कोर झोनारच्याच धर्तीवर रचलेली होती.

एका आकड्यात मावत नाही

मग लेन्सची गुणवत्ता मोजायची कशी? जुनी पद्धत अशी : बारीक होत जाणाऱ्या काळ्या-पांढऱ्या रेषांच्या तक्त्याचा फोटो काढायचा आणि एका मिलिमीटरमध्ये किती रेषा वेगळ्या ओळखू येतात ते मोजायचे. पद्धत सोपी आहे, पण फसवी. समजा, एका लेन्समध्ये 80 रेषा कशाबशा ओळखू येतात, पण 20 रेषांच्या पट्ट्या करड्या दिसतात. दुसरीत 60 च्या पुढे काही दिसत नाही, पण 20 रेषांच्या पट्ट्या ठसठशीत काळ्या-पांढऱ्या उमटतात. आकडा पहिलीचा मोठा, आणि नेहमीचा फोटो मात्र दुसरीचा रेखीव दिसेल.

रेडिओवर गाणे ऐकताना खर्जाचे, मधले आणि तारसप्तकातले स्वर किती नीट येतात हे आपण वेगवेगळे ऐकतो. लेन्सचेही तसेच असते. जाड रेषांपासून बारीक रेषांपर्यंत काळ्या-पांढऱ्यातला फरक किती टिकतो, याचा आलेख काढावा, या विचाराला फ्रान्समधील द्युफ्यो यांनी 1946 च्या आपल्या ग्रंथात गणिताचा पाया दिला आणि अमेरिकेत ऑटो शाडे यांनी दूरचित्रवाणीच्या कामात तो वापरला. पुढे लेन्स कंपन्या असे आलेख स्वतःच छापू लागल्या. एका टक्केवारीत विद्यार्थी मावत नाही, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

वर्गासाठी

आता बहुतेक घरांत मोबाइल फोनचा कॅमेरा आहे आणि वाद पूर्वीचाच आहे. विद्यार्थ्यांना दोन फोनची तुलना करायला सांगावी, मात्र नीट रीतीने. दोन्ही फोन एकाच जागी टेकवून ठेवावेत. वस्तू तीच, उजेड तोच आणि फोटोचा आकारही सारखा असावा. एक फोटो भरपूर उजेडात, एक संध्याकाळी आणि एक समोर दिवा ठेवून घ्यावा. फोटोंवर फक्त 'अ' आणि 'ब' लिहावे, कोणता कशाचा हे एकालाच माहीत असावे. फोनमध्ये फोटोवर आतल्या आत बरीच गणिती प्रक्रिया होते, त्यामुळे ही तुलना निव्वळ लेन्सची नाही, हेही सांगावे.

बहुधा तिन्ही फोटोंत एकच फोन पहिला येणार नाही. तसे झाले तर 'मग चांगला कोणता?' हा प्रश्न विद्यार्थी विचारतीलच. त्यावर 'कशासाठी?' एवढेच विचारावे आणि पुढची चर्चा त्यांच्यावर सोपवावी.