खडकीचे आकडे, १८९७

पुण्याच्या प्लेगची कथा मराठी वाचकाला ठाऊक असते ती रँडपासून गणेशखिंडीपर्यंत. त्याच वर्षी, त्याच शहराला लागून असलेल्या खडकीत काही आकडे नोंदले गेले. त्यांत प्लेगविषयीची दोन उत्तरे होती. एक लगेच वाचले गेले. दुसरे उमगायला जवळजवळ एक दशक जावे लागले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि काही महिन्यांत रोग पुण्यात पोहोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा मंजूर झाला. (२०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्र शासनाने करोनासाठी लागू केला तो हाच कायदा.) त्याच्या बळावर वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या प्लेग समितीने मार्च ते मे या काळात गोऱ्या सैनिकांकरवी घरे तपासली, रोगी इस्पितळात आणि त्याचे कुटुंब विलगीकरणाच्या छावणीत नेले, घरे धुऊन काढली, सामान जाळले.

या कारवाईतील अपमानाची कहाणी पुष्कळदा सांगितली गेली आहे. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी तिचा शेवट कसा केला, हेही सर्वांना माहीत आहे. मात्र कारवाईच्या मुळाशी असलेल्या गृहीतकाकडे फारसे कोणी पाहत नाही. रोग माणसाकडून माणसाकडे आणि त्याच्या वस्तूंतून पसरतो, म्हणून माणूस हलवा आणि वस्तू नष्ट करा, असे ते गृहीतक होते.

त्याच सुमारास मुंबईत भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका खोलीत वाल्डेमार हाफकिन लस तयार करीत होते. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. त्यांच्या आधाराने जंतूंची वाढ खाली लोंबत उतरते. मग ते द्रावण तापवून जंतू मारायचे, अशी ती कृती होती. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती दिली गेली.

लस घातक नाही, हे एवढ्याने कळले. ती वाचवते किती, हे ठरवायला मात्र एकाच ठिकाणी, एकाच साथीत सापडलेले दोन गट हवे होते: एक टोचलेला, दुसरा न टोचलेला. खडकीच्या तोफखान्याच्या छावणीत ते मिळाले.

तेथे १,५३० माणसांची वस्ती होती. ६७१ जणांनी लस घेतली, ८५९ जणांनी घेतली नाही. न टोचलेल्यांपैकी १४३ जणांना प्लेग झाला आणि ९८ दगावले. टोचलेल्यांपैकी ३२ जणांना झाला आणि १७ दगावले. म्हणजे पहिल्या गटात साधारण सहा जणांत एक आजारी पडला, दुसऱ्यात एकवीस जणांत एक. दोन्ही गटांचा मृत्यूदर सारखा असता, तर ६७१ जणांत सुमारे ७७ मृत्यू व्हायला हवे होते.

यावर एक रास्त आक्षेप होता. लस घेणारा आपणहून पुढे आलेला असतो. तो कदाचित अधिक धडधाकट असेल, अधिक सावध असेल. मग श्रेय लसीचे की माणसाचे? हाफकिन यांनी याचे उत्तर फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळील उंधेरा गावात शोधले. तेथे प्रत्येक कुटुंबातील निम्म्या माणसांना लस टोचली गेली. छप्पर तेच, चूल तीच, अंथरुणे तीच. पुढे ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला, त्यांतील ७१ टोचलेल्यांपैकी ८ आजारी पडले आणि ३ मरण पावले. ६४ न टोचलेल्यांपैकी २७ आजारी पडले आणि २६ मरण पावले. आकडे लहान आहेत, पण तुलनेचा घाट आजच्या लस-चाचण्यांच्या जवळचा आहे.

आता पुन्हा खडकीकडे. लष्करी शिस्तीमुळे तेथे नवा रोगी लगेच सापडे. त्याला तत्काळ इस्पितळात हलवीत, कुटुंब वेगळे ठेवीत, झोपडी निर्जंतुक करीत. रँड यांच्या समितीने पुणे शहरात जे करू पाहिले, ते खडकीत विरोधाविना, जवळजवळ निर्दोषपणे पार पडत होते. तरीही न टोचलेल्यांत १४३ रोगी झाले. शहरातील उपाय लोकांच्या असहकारामुळे फसले, हे सरकारी समर्थन या आकड्यापुढे फिके पडते. सहकार्य पूर्ण असतानाही त्या उपायांना साथ आवरली नाही.

कारण रोगाची वाट निराळी होती. घरात उंदीर मरून पडू लागले की घर सोडून माळावर झोपडी घालायची, हे गावोगावच्या लोकांना अनुभवाने उमगले होते. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून उंदरावरील पिसू हा दुवा दाखवला, पण बहुतेक तज्ज्ञांनी तो मानला नाही.

१९०५ पासून मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत नव्या प्लेग आयोगाने कसून प्रयोग सुरू केले. प्लेगच्या घरांत गिनीपिग ठेवले गेले. पिसवांच्या टप्प्यात जमिनीवर ठेवलेल्यांना प्लेग झाला. त्याच खोलीत, त्याच हवेत, पिसू पोहोचणार नाही अशा उंचीवर टांगलेल्या पिंजऱ्यांतले वाचले. खडकीत रोगी गेला, त्याचे कुटुंब गेले, झोपडी धुतली गेली. उंदीर मात्र शेजारच्या झोपडीत गेला होता.